टीबेचा मुक्काम

कॅराव्हॅन पिचवर लागली आहे. हँडल फिरवून तुम्ही चारी कोपऱ्यांचे पाय जमिनीला टेकवलेत, विजेची नारिंगी केबल खांबाला जोडलीत, पाण्याचं पिंप भरून गवतावरून लोळवत आणलंत. सकाळी बर्मिंगहॅमहून निघाल्यापासून एम-६ मोटरवेच्या डाव्या आणि मधल्या लेनमध्येच आहात, कारण मागे कॅराव्हॅन जोडलेली असली की तीन लेनच्या मोटरवेवर उजवीकडच्या लेनमध्ये जायची इथे मनाई आहे आणि ताशी ६० मैलांची मर्यादा आहे. उद्या स्कॉटलंड गाठायचं. आजची रात्र कंब्रियातल्या टीबेला, मोटरवेच्या विश्रांतिस्थळाला लागूनच असलेल्या कॅराव्हॅनतळावर.

दिवे मालवल्यावर आवाज कळायला लागतो. तो इंजिनांचा फारसा नाही. गाडीने वेग घेतला की इंजिनापेक्षा टायर आणि डांबर यांच्या घासण्याचाच आवाज मोठा होतो. शेकडो टायरांचा तो एकच अखंड सूर अंधारातून येत राहतो. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होते, वरची त्यामानाने उबदार राहते. अशा हवेत वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो, म्हणून दिवसा जाणवतही नसलेला लांबचा ट्रक मध्यरात्री उशाशी येतो. मधे झाडांची रांग आहे. डोळ्यांना ती दिलासा देते, कानांना जवळजवळ काहीच नाही. कॅराव्हॅनची भिंत म्हणजे पातळ पत्रा आणि आत फोम. थंडी अडवायला ती पुरेशी आहे, पण अवजड ट्रकांची खालच्या पट्टीतली घरघर तिच्यातून सरळ गादीपर्यंत पोचते.

तुम्हाला शांतता हवी आहे. मग हा रस्ताच नसेल अशा रात्री शोधायला हव्यात. डोळे मिटा आणि चला मागे.

पहिल्याच पावलाला आपण फार लांब जात नाही. १५ फेब्रुवारी २००४, पहाट व्हायची आहे. मोटरवे आहेच, पण आता तुम्ही रेल्वेच्या रुळांपाशी उभे आहात. लंडन-ग्लासगो मुख्य मार्ग इथून शॅपच्या खिंडीकडे चढत जातो. टीबेजवळ कामगारांची एक तुकडी दिव्यांच्या उजेडात रूळदुरुस्ती करते आहे. चढावर, सुमारे पाच किलोमीटर वर, स्काउट ग्रीनला जुने रूळ लादलेला एक ट्रेलर सुटतो. त्याचे ब्रेक आधीच निकामी करून ठेवलेले आहेत, चाकांखाली फक्त लाकडी ठोकळे होते. त्याला इंजिन नाही, दिवा नाही, शिट्टी नाही. उतारावर त्याचा वेग वाढत जातो आणि खाली काम करणाऱ्यांना काही कळायच्या आत तो त्यांच्यावर येतो. चौघं जागीच जातात. पुढे न्यायालयात ब्रेकची गोष्ट सिद्ध झाली आणि दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल तुरुंगवास झाला. या दरीत रात्री कोण जागं असतं ते तुम्हाला समजावं, म्हणून हा थांबा पहिला घेतला. ज्या रुळांवरून आणि ज्या डांबरावरून माणसं झोपेत पुढे सरकतात, त्यांची डागडुजी रात्रीच होते.

आता खरंच मागे जाऊ. १९५५ चा हिवाळा. मोटरवे नाही. जिथे तुमची कॅराव्हॅन होती तिथे मेंढ्यांचं कुरण आहे, पायाखाली ओलं गवत. दूर पश्चिमेला, शॅप फेलवरून जाणाऱ्या ए-६ रस्त्यावर ट्रकवाले बर्फात अडकतात, पण ते इथून दिसत नाहीत. तुम्ही निःश्वास टाकता, तेवढ्यात खालून शिट्टी येते. दक्षिणेकडून आलेली मालगाडी टीबे स्टेशनात थांबली आहे आणि बँकर मागते आहे. इथून वर चार मैल ७५ फुटांना एक फूट असा चढ आहे. बोजड गाडीला तो एकटीने झेपत नाही, म्हणून टीबेच्या शेडमधलं एक इंजिन येऊन तिच्या मागे लागतं. कर्जतला बोरघाटासाठी मागे बँकर लागतात ते पाहत तुम्ही वाढलात. तिथला चढ ३७ ला एक, म्हणजे याच्या दुप्पट, आणि तो मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. इथे मात्र मागचं इंजिन गाडीला साखळीने जोडतही नाहीत. ते नुसतं टेकतं आणि ढकलतं. पुढच्याची शिट्टी, मागच्याचं उत्तर, मग दोन धुराड्यांचे दोन वेगवेगळे ठोके, कधी जुळणारे, कधी निसटणारे. गाडी शॅप समिटला पोचली की मागचं इंजिन थांबून उतारावरून परत येतं, पुढच्या गाडीसाठी. असं रात्रभर चालतं. रेल्वेच्या कामगारांसाठी बांधलेल्या टीबेच्या चाळवजा घरांत पाळीला जाणारी माणसं या आवाजावर झोपतात आणि याच आवाजावर उठतात. १९६७ संपताना इथली वाफ संपेल, पुढच्या वर्षी स्टेशनही बंद होईल, आणि या घरांचं पोट कशावर चालायचं हा प्रश्न उभा राहील. ते तुम्ही पुढे पाहालच.

अजून मागे. रेल्वेही नको. १८४५ च्या शरद ऋतूत उतरू या. पण इथे तर सर्वांत जास्त गोंगाट आहे.

लँकेस्टर ते कार्लाइल रेल्वेला पार्लमेंटने १८४४ मध्ये मंजुरी दिली. जॉर्ज स्टीफनसनसारखा मातब्बर माणूस सांगत होता, की डोंगरात घुसू नका, समुद्रकाठाने वळसा घालून जा. जोसेफ लॉक या अभियंत्याने ऐकलं नाही. इंजिनं चढतील, असं त्याचं म्हणणं, आणि एकही बोगदा न काढता त्याने मार्ग सरळ लून नदीच्या दरीतून शॅपवर नेला. सुमारे १०,००० माणसं आणि शेकडो घोडे अडीच वर्षांत हा मार्ग पुरा करतील. नकाशावर ती रेघ लॉकची आहे. जमिनीवर ती या माणसांनी ओढली, आणि त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत.

तुम्ही त्यांच्या वस्तीत उभे आहात. हाही एक तळच, माळावर काही महिन्यांपुरता उभा राहिलेला. मातीच्या ढेकळांच्या आणि दगडांच्या भिंती, वर फळ्या नाहीतर ताडपत्री, मधे धूर. एकेका झोपडीत इतकी माणसं, की एकाची पाळी संपली की दुसरा त्याच्याच बिछान्यात शिरतो. बाहेर चिखल घोट्यापर्यंत. लून दरीत पाऊस थांबतो तो पुन्हा सुरू व्हायलाच. झोपडीच्या दाराशी एक बाई मोठ्या पातेल्यात पाणी उकळते आहे. पातेल्यात पाच-सहा दोऱ्या सोडलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला कापडात बांधलेला कुणाचा तरी मांसाचा नाहीतर बटाट्यांचा वाटा. दोरीवरून ती ओळखते कुणाचं काय ते. तुम्हाला काही विचारायला तिला वेळ नाही. संध्याकाळची पाळी परत येते आहे.

वरून सुरुंगाचा दणका येतो आणि तुमच्या छातीत हादरा बसतो. शॅपच्या खडकात खोल खाच पाडायची आहे आणि हाताशी काळी दारू, पहार, फावडं एवढंच. तिथे जीव गेला तर काम थोडा वेळ थांबतं, फार नाही. इंग्लिश, स्कॉटिश आणि आयरिश टोळ्या एकमेकींपासून लांब ठेवल्या आहेत, कारण मजुरीवरून आणि कामावरून धुसफूस आहे. काही महिन्यांनी, फेब्रुवारी १८४६ मध्ये, उत्तरेला पेनरिथजवळ तिचा भडका उडेल. इंग्लिश खोदकामगारांचे जमाव आयरिश मजुरांच्या झोपड्या मोडतील, घोडेस्वार सैनिक बोलवावे लागतील. त्याच वर्षी रेल्वे-मजुरांच्या हालांवर पार्लमेंटची एक समिती साक्षी नोंदवेल आणि सुधारणा सुचवेल, पण कायदा काही होणार नाही. डिसेंबर १८४६ मध्ये पहिली गाडी इथून जाईल तेव्हा या झोपड्या ओस पडलेल्या असतील. माणसं दुसऱ्या कुठल्या तरी मार्गावर खणायला गेलेली असतील.

मला विचाराल तर या सगळ्या प्रवासात मन सर्वांत जास्त इथेच अडकतं. मुक्कामाला आलेल्या माणसाला आवाज सोसवत नाही हे खरं आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण हा आवाज कुणाच्या हातांनी सुरू झाला तेही त्याला माहीत हवं.

अजून पन्नासेक वर्षं मागे. १७९०. आणि इथे, अखेर, शांतता आहे. टोलचा मोठा रस्ता तिकडे शॅप फेलवरून जातो, घोडागाड्या तिकडूनच धावतात. या दरीत गुरांची वाट, लूनचं पाणी, हाऊगिल टेकड्यांवर काळ्यापांढऱ्या तोंडांच्या रफ फेल मेंढ्या. रात्री तुम्ही एका शेतघराच्या दाराशी जाता. आत पीटचा विस्तव आहे, बत्ती म्हणून चरबीत बुडवलेली लव्हाळ्याची काडी, आणि घरातले सगळे, बायका, पुरुष, मुलं, मोजे विणत बसले आहेत. केंडलचा व्यापारी हे मोजे विकत घेतो. नुसत्या मेंढ्यांवर घर चालत नाही, म्हणून अंधार पडल्यावर सुया चालतात. कुणी वर पाहत नाही. तुम्हाला हवी होती ती निवांत रात्र हीच, पण इथे फारसे वाटसरू येत नाहीत आणि वाटसरूसाठी जागाही नाही. मोठा रस्ता नाही, म्हणून मुक्काम नाही.

मग या दरीत मोठा रस्ता होता, त्या रोमन काळात जाऊ. दरीतून दक्षिणेला तासभर चाला, बॉरो बेक ओढा लूनला मिळतो तिथपर्यंत. तुमच्या काळात इथे गवताने झाकलेले चौकोनी बांध आहेत, शेजारून रेल्वे जाते आणि समोर मोटरवे. आता मात्र रोमन सैन्याचा किल्ला उभा आहे आणि फाटकासमोरून त्यांचा लष्करी रस्ता उत्तरेला कार्लाइलकडे जातो. खेचरं, गाड्या, हुकूम, शिंगं. किल्ल्याबाहेर सैनिकांची कुटुंबं, दुकानदार, लोहार अशी वस्ती आहे. तिथे कुठे तरी एलिया सेंटिका राहते, तिचा नवरा ऑरेलियस व्हेरुलस. तिचं घर कसं होतं, तिला किती मुलं होती, काही ठाऊक नाही. पस्तिसाव्या वर्षी ती गेली आणि नवऱ्याने तिचं नाव आणि वय दगडात कोरून घेतलं. १९९१ मध्ये इथल्या दफनभूमीच्या उत्खननात तो दगड सापडला. या दरीतल्या रस्त्याकाठी राहिलेल्या, नावाने ठाऊक असलेल्या माणसांत ही बाई फार आधीची. तुम्ही तिला वस्तीत शोधू लागता, पण खेचरांचा तांडा मधे येतो, आणि बाजूला व्हावं लागतं.

इथून एकदम पुढे. ऑक्टोबर १९७० मध्ये मोटरवेचा हा पट्टा सुरू झाला. नदी, रेल्वे आणि जुना रस्ता यांनी आधीच भरलेल्या चिंचोळ्या दरीत सहा लेन बसवण्यासाठी जुना रस्ता उचलून डोंगराच्या अंगावर न्यावा लागला. पुढे शॅपच्या चढावर जाणाऱ्या आणि येणाऱ्या लेन एकमेकींपासून फुटून वेगवेगळ्या उंचीवरून जातात, मधे कुरण तसंच राहिलं आहे, आणि मेंढ्या रस्त्याखालून काढलेल्या वाटेने ये-जा करतात. डोंगराच्या वळणाशी भांडण न करता बांधलेला रस्ता म्हणून त्याला सिव्हिक ट्रस्टचा पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पण ज्यांची शेतं त्याने कापली, त्यांना पुरस्काराचं काय?

जॉन आणि बार्बरा डनिंग हे इथले डोंगरशेतकरी. मोटरवे त्यांच्या शेतातून गेला. स्टेशन बंद झालेलं, गावात काम नाही. सरकारने इथे विश्रांतिस्थळासाठी प्रस्ताव मागवले तेव्हा या जोडप्याने, एका स्थानिक बेकरीवाल्याला बरोबर घेऊन, अर्ज केला. मोटरवेवरची विश्रांतिस्थळं तेव्हा मोठ्या कंपन्या चालवत. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसांनी असं काही उभं करणं ही त्या काळी अजब गोष्ट होती, आणि ती चालली. पुढे १९९३ मध्ये दक्षिणेकडे जाणाऱ्या बाजूलाही त्यांनी दुसरं उभं केलं. आसपासच्या गावांतल्या किती तरी घरांत आज तिथला पगार येतो.

आपण १९७२ मध्ये आहोत, तीस खुर्च्यांच्या त्या पहिल्या कॅफेत. काच वाफेने धुरकटली आहे, ओव्हनमधून घरगुती पायचा वास येतो. तुमच्या शेजारच्या टेबलावर ग्लासगोचा एक ट्रकवाला बसला आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो बर्फात शॅप फेलवरून रात्र रात्र गाडी चढवायचा, आता दुपारच्या जेवणाला घरी पोचेन म्हणतो. दार उघडतं, त्यासरशी मोटरवेची घरघर आत शिरते आणि दोन पावलं तुमच्यापर्यंत येते. कुणी बोलणं थांबवत नाही. काउंटरमागची बाई किटली उचलते आणि तुम्हाला विचारते, "चहात दूध किती घालू?"