ठरलेली वाट, तपासलेली वाट

२७ ऑक्टोबर १९८० रोजी अमेरिकेतील आर्पानेट हे संगणकांचे जाळे जवळजवळ चार तास ठप्प झाले. कुठे तार तुटली नव्हती, वीजही गेली नव्हती. बिघाड होता तो बातमीत. प्रत्येक केंद्रावर बसवलेले आयएमपी हे यंत्र आपल्या जोडण्यांची खबर अनुक्रमांक घालून जाळेभर पाठवत असे. त्या दिवशी स्मृतीतले काही बिट गळाल्याने एकाच यंत्राच्या नावावर ८, ४० आणि ४४ अशा तीन क्रमांकांच्या खबरा फिरू लागल्या. क्रमांक चक्राकार मोजले जात असल्याने ८ पेक्षा ४० नवा, ४० पेक्षा ४४ नवा आणि ४४ पेक्षा पुन्हा ८ नवा ठरत होता. प्रत्येक यंत्र इमानदारीने ‘ताजी’ खबर पुढे पाठवत राहिले आणि साऱ्या जाळ्याचा श्वास कोंडला. शेवटी त्या यंत्राच्या खबरांकडे दुर्लक्ष करण्याची सूचना इतर यंत्रांच्या प्रोग्रॅममध्ये घालावी लागली. एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये या घटनेची सविस्तर मीमांसा लिहिली.

या घटनेमागचा प्रश्न जुना होता : पुढची वाट चालू आहे, हे चौकात उभ्या असलेल्या यंत्राने कशावरून मानायचे?

१९६९ मध्ये आर्पानेट सुरू झाले तेव्हा शेजारी यंत्रे सेकंदाला एकाहून अधिक वेळा एकमेकांना आपले अंदाज कळवत. शेजारी सांगेल ते खरे, असा व्यवहार. हार्वर्डच्या यंत्राची स्मृती एकदा बिघडली आणि ‘माझ्यापासून सगळी ठिकाणे शून्य अंतरावर आहेत’ असे ते सांगू लागले. तेव्हा भलतीकडची पॅकेटेही तिकडे धावली आणि नाहीशी झाली. १९७९ मध्ये नवी पद्धत आली. तीत प्रत्येक यंत्र आपल्या जोडण्यांवरचा विलंब स्वतः मोजून सर्वांना कळवू लागले. ऐकीव माहितीची जागा मोजमापाने घेतली. मात्र मोजलेली बातमीही वाटेत बिघडू शकते, हे पुढच्याच वर्षी दिसले.

तोवर वाद केवळ जवळच्या-लांबच्या वाटेचा होता. राउटरने पॅकेटवरचा घेणाऱ्याचा पत्ता वाचावा आणि ते पुढे सोडावे. पाठवणारा कोण हे विचारू नये, असा रिवाज होता. त्याला धक्का दिला तो सार्वजनिक पैशाने. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचे एनएसएफनेट हे आधारजाळे संशोधन आणि शिक्षणासाठी होते. निव्वळ व्यापारी वाहतुकीला तिथे मज्जाव होता. म्हणजे ‘सर्वांत जवळची वाट’ हे उत्तर पुरेसे राहिले नाही. ‘या वाटेवर चालण्याचा हक्क कोणाला?’ हाही प्रश्न आला. मे १९८९ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी धोरणानुसार मार्ग ठरवण्याची रूपरेषा मांडली. पुढच्याच महिन्यात हान्स-वेर्नर ब्राउन यांनी त्याचे निरनिराळे नमुने मांडले. १९९१ मध्ये तीन खासगी कंपन्यांनी व्यापारी वाहतुकीसाठी वेगळा विनिमय उभारला, आणि ३० एप्रिल १९९५ रोजी एनएसएफनेटचे आधारजाळे बंद झाले. मज्जाव संपला, पण धोरणाने वाट ठरवण्याची कल्पना राहिली.

आज तीच कल्पना साध्या कार्यालयातही सापडते. समजा, एका कार्यालयात दोन कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या आहेत. लेखा विभागाची वाहतूक पहिलीवरून जावी, बाकीची दुसरीवरून, असा नियम राउटरवर लिहिता येतो. याला पॉलिसी-बेस्ड राउटिंग म्हणतात. पण नियम आंधळा असतो. राउटरपासून शेजारच्या पेटीपर्यंतची तार शाबूत असली आणि त्यापलीकडे कंपनीचे जाळे कोसळले, तरी राउटरच्या लेखी जोडणी ‘चालू’च असते. लेखा विभागाची पॅकेटे नियमाप्रमाणे पाठवली जातात आणि नियमाप्रमाणे बुडतात. शेजारी दुसरी धडधाकट जोडणी रिकामी पडून असते.

यावर उपाय ऑब्जेक्ट ट्रॅकिंगचा. राउटर दर काही सेकंदांनी दूरच्या एखाद्या पत्त्यावर हाक पाठवतो. उत्तर येईनासे झाले की ती वाट बंद मानली जाते, आणि नियम पुढच्या पर्यायाकडे किंवा नेहमीच्या मार्गतक्त्याकडे वळतो. यात दोन पथ्ये पाळावी लागतात. एक हाक चुकली म्हणून लगेच वाट बदलायची नाही, नाहीतर दर मिनिटाला इकडून तिकडे उड्या सुरू होतात. थोडा धीर धरायचा. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे : हाक ज्या वाटेची परीक्षा आहे, त्याच वाटेने गेली पाहिजे. ती पर्यायी वाटेने गेली, तर उत्तर येते, बंद वाट ‘चालू’ ठरते आणि पॅकेटे पुन्हा खड्ड्यात जातात. साक्षीदाराने घटनास्थळ पाहिलेले असावे लागते.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि मुंबईहून पश्चिमेकडे जाणारी मोठी क्षमता एकदम गेली. ज्यांनी पूर्वेकडून, पॅसिफिक ओलांडून जाणारी वाट आधीच राखून ठेवली होती, ते तुलनेने लवकर सावरले. कागदावर दोन असलेल्या वाटा समुद्रतळाशी शेजारीशेजारीच होत्या, हेही त्या दिवशी कळले.

चार दशकांच्या या इतिहासात धोरण आणि खबर या दोन गोष्टी वेगवेगळ्या गरजांतून जन्मल्या. धोरणाशिवाय खबर म्हणजे कोणीही कुठूनही जावे असा मोकाट चौक. खबरेशिवाय धोरण म्हणजे पूल वाहून गेल्यावरही ‘रस्ता चालू’ अशी पाटी. आणि खबरही तपासावी लागते, हे १९८० च्या त्या चार तासांनी शिकवले. नियम लिहिणाऱ्याचे काम नियम लिहून संपत नाही. रोज वाटेवर कोणाला तरी पाठवून ती पाहून घ्यावी लागते.