वडगावचा तह : सही मुखत्याराची, बांधिलकी कोणाची?

१/
जानेवारी १७७९. पुण्यावर चालून आलेली इंग्रज फौज मावळातील वडगाव येथे मराठ्यांच्या वेढ्यात सापडली आणि इंग्रजांना तह करावा लागला. फौज सुखरूप परतली. परंतु मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही ठिकाणच्या कंपनी सरकारांनी तो तह झिडकारला. कारण दिले ते असे, की सही करणाऱ्यांस तसा अधिकारच नव्हता.

हा निव्वळ बहाणा होता, की त्यात कायद्याचे काही तथ्य होते?

२/
या प्रश्नाचे मूळ व्यापारात आहे. धनी एका ठिकाणी, व्यवहार दुसऱ्या ठिकाणी. म्हणून मध्ये मुखत्यार लागतो. आपल्याकडे गुमास्ता, आडत्या, वकील, मुतालिक ही सारी त्याचीच रूपे. ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींतील नोकरांना 'फॅक्टर' म्हणत. फॅक्टर म्हणजे दुसऱ्याच्या वतीने खरेदी-विक्री करणारा. 'फॅक्टरी' म्हणजे वखार, ती त्यावरूनच. तह करणारी कंपनी ही मुळात मुखत्यारांच्या साखळीवर चालणारी पेढीच होती.

३/
मुखत्यारीचे मूलतत्त्व साधे आहे. मिळालेल्या अधिकाराच्या मर्यादेत मुखत्याराने केलेला करार हा धन्यानेच केलेला करार ठरतो. मर्यादा ओलांडली तर धनी बांधला जात नाही. पुढे १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या दहाव्या प्रकरणात (कलम १८२ ते २३८) हे नियम एकत्र आले. हा कायदा वडगावनंतर ९३ वर्षांनी झाला आणि राज्याराज्यांतील तहांना तो लागूही होत नाही. तरीही त्याच्या कसोट्या लावल्या, की वडगावचा पेच स्वच्छ दिसतो.

४/
साखळी अशी होती : लंडनचे संचालक मंडळ, त्याखाली कलकत्ता, त्याखाली मुंबई. १७७३ च्या रेग्युलेटिंग कायद्याने युद्ध आणि तह यांबाबत मुंबईवर कलकत्त्याची पूर्वसंमती बंधनकारक केली. अपवाद दोन : तातडीची निकड, किंवा लंडनचा थेट हुकूम. मुखत्याराच्या अधिकारात धन्याने घातलेली ही मर्यादा होय.

५/
ती मर्यादा मुंबईने लगेच ओलांडली. ६ मार्च १७७५ रोजी रघुनाथरावांशी सुरतेचा तह झाला, कलकत्त्यास न विचारता. कलकत्त्याने तो अमान्य करून कर्नल अप्टनला पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. त्यानंतर लंडनहून पत्र आले : संचालकांना सुरतेचा तह पसंत होता! पुणे दरबाराने यातून काय समजावे? कंपनी एक, तोंडे तीन.

६/
पुरंदरचा तह बाजूला सारून मुंबईने नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावांसह पुण्यावर फौज धाडली. मोहिमेचा कारभार कार्नॅक, एजर्टन आणि मॉस्टिन यांच्या समितीकडे होता. त्यांपैकी मॉस्टिन आजारी पडून लवकरच मरण पावले. ९ जानेवारीस फौज तळेगावी पोहोचली. मराठ्यांनी मुलूख उजाड करून दाणागोटा तोडला होता. ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात लोटून माघार सुरू झाली आणि वडगावात ती अडली.

७/
बोलणी करण्यास फार्मर नावाचा अधिकारी मराठ्यांच्या छावणीत गेला. कलकत्त्याच्या मंजुरीवाचून तह करण्याचा आपणास अधिकार नाही, हे त्याने तेथे सांगितले. त्यावर मराठ्यांचा प्रतिप्रश्न बिनतोड होता : मग अप्टनने केलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, तो दाखवा!

८/
अखेर तह झाला. १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करणे, बंगालमधून येणारी फौज थांबवणे, रघुनाथरावांना महादजी शिंद्यांच्या हवाली करणे ही त्याची मुख्य कलमे. महादजींना भडोच देण्याचे वेगळे वचनही दिले गेले. दोन इंग्रज अधिकारी ओलीस राहिले आणि फौज घाट उतरून गेली.

९/
आता कसोट्या. पहिली, प्रत्यक्ष अधिकार. समितीकडे तो नव्हता, उघडच आहे.

दुसरी, भासमान अधिकार (कलम २३७). मुखत्याराला अधिकार आहे असा समज धन्याच्याच शब्दांनी वा वर्तनाने झाला असेल, तर धन्याला हात झटकता येत नाहीत. सुरतेचा तह उचलून धरणारे लंडन येथे मराठ्यांच्या बाजूस उभे राहते. परंतु फार्मरने अधिकार नसल्याचे आधीच सांगितले होते. ज्याला ठाऊक आहे, त्याला फसगतीची तक्रार करता येत नाही. मराठ्यांचा प्रतिप्रश्न नीतीने अचूक होता. कायद्याने मात्र तो अधिकार निर्माण करीत नव्हता.

१०/
तिसरी, आणीबाणी (कलम १८९). धन्याचे नुकसान टाळण्यासाठी शहाणा माणूस स्वतःच्या बाबतीत जे करील, ते मुखत्याराला संकटसमयी करता येते. फौज वाचवण्यासाठी शरणागती पत्करणे यात बसते. पण सहा वर्षांत मिळवलेला सारा मुलूख सोडून देणे? तेथे मात्र हा आधार डळमळतो.

११/
चौथी, मागाहून मंजुरी (कलम १९६ ते २००). अनधिकृत व्यवहारही धन्याने मान्य केला, की आरंभापासून बंधनकारक होतो. मात्र गोड भाग घेऊन कडू भाग टाकता येत नाही. अंश स्वीकारला तर संपूर्ण व्यवहार स्वीकारला असे ठरते. येथे कंपनीची बाजू लंगडी पडते. तहामुळे वाचलेली फौज तिने ठेवून घेतली आणि मोबदला नाकारला. फौज पुन्हा वेढ्यात नेऊन ठेवता येत नव्हती, हे खरे. पण न्यायबुद्धीला ते पटत नाही.

१२/
परिणाम? कंपनीने कार्नॅक, एजर्टन आणि कॉकबर्न यांना नोकरीतून काढले. युद्ध चालू राहिले. डिसेंबर १७८० मध्ये वसई इंग्रजांकडे गेली. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत आली, पण साष्टी गेली ती गेलीच. भडोच मात्र महादजींना मिळाले, वडगावी इंग्रज फौजेशी दाखवलेल्या वर्तणुकीची कदर म्हणून. झिडकारलेल्या व्यवहारातील एक वचन कंपनीने बक्षीस या नावाने पाळले. मंजुरी म्हटले असते, तर सारा तहच गळ्यात आला असता.

१३/
सालबाईस बाजू उलटली. तेथे पेशव्यांचे मुखत्यार महादजी होते, आणि पुण्यात नाना फडणीसांनी मान्यता देण्यास कित्येक महिने लावले. मुखत्याराची सही आणि धन्याची मोहोर यांतील अंतर किती मोलाचे असते, हे पुण्याला आता पुरते कळले होते.

१४/
वडगावी रणांगण मराठ्यांनी जिंकले. हातातून निसटली ती अंमलबजावणी. अधिकार नाही असे सांगणाऱ्याची सही त्यांनी घेतली आणि धन्याची मंजुरी येण्याआधीच फौज सोडली. आजही मुखत्यारपत्र न वाचता जमिनीची इसार रक्कम देणारा नेमके हेच करतो. समोर बसलेला माणूस कोण, याइतकाच त्याच्यामागे कोण उभा आहे आणि त्याने कितपत अधिकार दिला आहे, हा प्रश्न मोलाचा असतो. तो सहीआधी विचारायचा असतो.