झाकलेल्या कागदाची सत्ता : सातारा, १८३६ ते १८३९

‘कोम्प्रोमात’ हा रशियन शब्द ‘बदनाम करू शकणारे साहित्य’ या अर्थाच्या शब्दजोडीचा संक्षेप असून तो सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या परिभाषेतून रूढ झाला. मार्च १९९९ मध्ये महाअभियोक्ता युरी स्कुरातोव यांचा राजीनामा रशियन संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने नामंजूर करताच त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या माणसाची चित्रफीत सरकारी दूरचित्रवाणीने दाखवली. क्रेमलिनमधील भ्रष्टाचाराचा तपास तेव्हा त्यांच्याकडे होता. मात्र ही प्रथा खास रशियन मानणे इतिहासाला धरून होणार नाही. १८३६ साली गोगोलच्या ‘रेविझोर’मधील पोस्टमास्तर रंगभूमीवर परक्यांची पत्रे फोडू लागला, त्याच वर्षी साताऱ्यात कंपनी सरकारची गुप्त चौकशी समिती बसली.

छत्रपती प्रतापसिंहांनी कंपनीच्या पलटणीतील देशी अंमलदारांना फितवू पाहिले, हा मूळ आरोप. गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान, ही कलमे त्याला पुढे जोडली गेली. ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक साताऱ्यास आला. त्याच्या प्रस्तावाचे मर्म असे, की १८१९ च्या तहाचा भंग केल्याचे लिहून द्यावे आणि गादी राखावी.

येथे पुराव्याचे प्रयोजन न्याय हे नसून सही हे आहे. रीतसर खटल्यात कागद उघड करावा लागतो. त्याचे हस्ताक्षर, शिक्का, साक्षीदार तपासले जातात. झाकलेल्या कागदाचा धाक त्याच्या न वाचले जाण्यातच असतो. शिवाय कबुली मिळाली, की मूळ कागद अस्सल की बनावट हा प्रश्नच संपतो. महाराजांनी सही नाकारली. सप्टेंबरमध्ये त्यांना पदच्युत करून काशीस धाडण्यात आले व बंधू शहाजी गादीवर बसले. १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीतच निवर्तले. १८४८ मध्ये राज्य खालसा झाले.

त्यांचे वकील रंगो बापूजी १८४० नंतर सुमारे तेरा वर्षे लंडनमध्ये झगडले. कंपनीच्या भागधारकांच्या सभांतून हे प्रकरण गाजले, वादविवाद छापले गेले. गुप्त कागदाला त्यांनी छापील कागदाने उत्तर दिले. राज्य परत मिळाले नाही. पण आरोप उघड वाचण्याजोगा झाला.

साताऱ्याची पत्रे खरी की खोटी, या वादात इतिहासकारांनी बरीच शाई खर्चिली आहे. त्या वादाआधीचा प्रश्न मात्र वाचनाच्या अधिकाराचा आहे : आरोपीला न दाखवलेल्या संहितेला पुरावा म्हणावे काय?