दूरच्या सर्व्हरचे पहिले शब्द

सर्व्हर चालू केला की सुरुवातीची काही मिनिटं तो नेटवर्कवर कुठेच दिसत नाही. फर्मवेअर मेमरी तपासतं, डिस्क शोधतं, बूटलोडर कर्नल चढवतो. लॉगिनची सोय होते ती या सगळ्यानंतर. मधेच डिस्क सापडली नाही किंवा कर्नल पॅनिक झाला, तर दूर बसलेल्या माणसाला फक्त एवढंच कळतं, की मशीन उत्तर देत नाही. अशा वेळी मशीन काय म्हणतंय ते ऐकण्याची आणि त्याला हुकूम देण्याची वाट म्हणजे कन्सोल. त्याचं कूळ शोधत गेलं तर आपण टेलिप्रिंटरपाशी पोचतो.

१९६३ साली आलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरं कागदावर छापायचं. डेक या कंपनीच्या पीडीपी-८ संगणकाला ते जोडलेलं असे. ऑपरेटर पुढच्या पॅनेलवरच्या स्विचांनी मोजक्या सूचना हाताने भरायचा आणि बाकीचा प्रोग्रॅम टेलिटाइपच्या कागदी फितीवरून आत जायचा. म्हणजे टेलिटाइपला संगणकाशी जोडणारी तार मशीन सुरू होण्याच्या पहिल्या क्षणापासून कामाला लागलेली होती. पुढे टेलिटाइपची जागा पडद्याच्या टर्मिनलने घेतली, तरी एकामागून एक बिट पाठवणारी सीरियल तार टिकली, आणि त्याला कारण आहे. नेटवर्कवर बोलायचं तर ड्रायव्हर हवा, पत्ता हवा, पलीकडे सेवा चालू हवी. सीरियल पोर्टची चिप एकदा ठरल्या वेगावर लावली की तिच्यात एक बाइट टाकायचा, तो तारेवर जातो. कर्नल कोसळताना शेवटचं वाक्य एवढ्यावरही बाहेर पडू शकतं.

दुरून बूट करण्याची कल्पना खऱ्या अर्थाने आकाराला आलेली दिसते ती डेकच्याच १९७७ च्या व्हॅक्स-११/७८० या संगणकामध्ये. त्या मोठ्या मशीनच्या पोटात एलएसआय-११ हा छोटा संगणक होता. तो आधी जागा व्हायचा, फ्लॉपीवरून मुख्य प्रोसेसरचा मायक्रोकोड भरायचा आणि मग त्याला चालू करायचा. मोडेम जोडला की डेकचा इंजिनिअर फोनलाइनवरून याच छोट्या संगणकाशी बोलून बिघाड शोधू शकायचा. कन्सोलचा ताबा जवळच्या टर्मिनलला द्यायचा की दूरच्या, हे पुढच्या पॅनेलवरची किल्ली फिरवून ठरायचं. ताबा आणि त्याला कुलूप, दोन्ही गोष्टी एकाच वेळी जन्मल्या.

पुढे सन कंपनीच्या मशीनना कीबोर्ड लावला नाही, तर ती आपण होऊन सीरियल पोर्टवर बोलू लागायची. तारेवरून ‘ब्रेक’ सिग्नल आला की चालू मशीन थांबून फर्मवेअरच्या हाती जायचं. ही सोय अंगलटही यायची. अनेक मशीनच्या तारा जिथे एकत्र येत, त्या टर्मिनल सर्व्हरची वीज गेली की तारेवर ब्रेक उमटायचा आणि मागची धडधाकट मशीनं थबकायची. शेवटी ब्रेकऐवजी ठरावीक कळांचा क्रम ओळखण्याची सोय द्यावी लागली.

१९८१ चा आयबीएम पीसी मात्र टेबलावरच्या एका माणसासाठी घडवलेला होता. त्याचा बायोस, म्हणजे त्याचं फर्मवेअर, समोरच्या पडद्याशीच बोलायचा. नव्वदीत हेच स्वस्त पीसी रॅकमध्ये सर्व्हर म्हणून बसले, आणि अडचण आली की मॉनिटर-कीबोर्डची ढकलगाडी घेऊन रॅकपर्यंत जावं लागू लागलं. लिनक्सने सीरियल कन्सोल दिला, पण तो कर्नलपासून पुढचा. बायोसची मिनिटं अंधारातच राहिली. मग सर्व्हरच्या बायोसमध्ये पडद्यावरची अक्षरं सीरियल तारेवर वळवण्याची सोय आली. १९९८ साली इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी सर्व्हर दुरून सांभाळण्यासाठी आयपीएमआय हे मानक आणलं आणि २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत सीरियल कन्सोल नेटवर्कवरून नेण्याची रीत ठरली. त्यामागे मदरबोर्डवरचा बीएमसी हा स्वतंत्र छोटा संगणक असतो. सर्व्हर बंद असला तरी वायर प्लगमध्ये असेपर्यंत तो जागा असतो. व्हॅक्सच्या पोटातला एलएसआय-११ असा पुन्हा अवतरला.

किल्ली मात्र हरवली होती. सुरक्षा संशोधक डॅन फार्मर यांनी २०१३ साली दाखवून दिलं, की आयपीएमआय २.० लॉगिन पुरं होण्याआधीच पासवर्डचा हॅश समोरच्याच्या हाती देतं. तो सावकाश घरी बसून फोडता येतो, आणि ज्याच्या हाती बीएमसी त्याच्या हाती अख्खं मशीन. म्हणून बीएमसी कधीही खुल्या इंटरनेटवर ठेवू नये.

दुसरा धडा ४ ऑक्टोबर २०२१ चा. फेसबुकचं मुख्य नेटवर्क कोसळलं, त्या दिवशी अडीनडीसाठी ठेवलेलं वेगळं नेटवर्कही उपयोगी पडलं नाही, आणि इंजिनिअरना प्रत्यक्ष डेटा सेंटर गाठावं लागलं. कन्सोलचं सगळं मोल त्याच्या वेगळेपणात आहे. तो ज्या नेटवर्कच्या संकटात लागणार, त्याच नेटवर्कवर त्याने अवलंबून राहता कामा नये. कागदावर वेगळी दिसणारी वाट खरंच वेगळी आहे का, हे मुख्य नेटवर्क मुद्दाम तोडून, सगळं सुरळीत असतानाच तपासायला हवं.