शाळेचा पिन चुकला की अंतर चुकतं! तुमच्या गावची शाळा सरकारी नकाशावर कुठे दिसते, असं तपासा

मुरुड : शाळा गावात कुठे आहे हे गावातल्या लेकरालाही माहीत असतं. पण तीच शाळा सरकारच्या संगणकात कुठे दाखवली आहे, हे फार कमी पालकांनी पाहिलेलं असतं. शाळा वस्तीपासून किती दूर, प्रवास भत्ता मिळणार की नाही, कमी पटाची शाळा दुसरीकडे जोडायची की नाही, या सगळ्या हिशेबात आता नकाशावरचं अंतर धरलं जातं. म्हणून हा नकाशा वाचता येणं गरजेचं आहे.

१ किलोमीटर आणि ३ किलोमीटरचा नियम

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून पायी १ किलोमीटरच्या आत हवी आणि तिथे ६ ते ११ वयाची किमान २० मुलं असावीत. सहावी ते आठवीसाठी हे अंतर ३ किलोमीटर आहे. इथे ‘पायी अंतर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या वस्तीजवळ शाळा नाही, तिथल्या मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत वर्षाला कमाल ६ हजार रुपयांपर्यंत प्रवास भत्त्याची तरतूद आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये राज्यातल्या १० पेक्षा कमी पटाच्या १ हजार ३१४ शाळांमधली मुलं जवळच्या शाळेत हलवण्याचा निर्णय झाला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले. त्यासाठी नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुण्यातील पानशेतचं उदाहरण दिलं होतं. त्यावेळी राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४ हजार ७८३ शाळा असल्याची आकडेवारी पुढे आली. अशा निर्णयात ‘जवळची शाळा’ कोणती, हे ठरवायला अंतरच लागतं.

शाळेचा ११ अंकी कोड

प्रत्येक शाळेला यूडायस कोड असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. महाराष्ट्राचा अंक २७, लातूरचा २८, नांदेडचा १५. म्हणजे मुरुडच्या कोणत्याही शाळेचा कोड २७२८ ने सुरू होतो.

मुरुड लातूर तालुक्यात असलं तरी धाराशिव जिल्ह्याची हद्द जवळच आहे. धाराशिवकडच्या शाळांचा कोड २७२९ ने सुरू होतो. कागदावर जिल्हा बदलतो, पण शाळेला जाणारं लेकरू हद्द पाहत नाही, रस्ता पाहतं. त्यामुळे शाळेचं खरं क्षेत्र गावाच्या नावावरून कळत नाही. मुलं कोणकोणत्या वस्तीवरून येतात त्यावरून कळतं.

पिन म्हणजे काय?

यूडायस प्लसच्या फॉर्ममध्ये शाळेचे अक्षांश आणि रेखांश भरावे लागतात. हे दोन आकडे म्हणजेच नकाशावरचा पिन. मुरुड परिसरात अक्षांश १८ ने आणि रेखांश ७६ ने सुरू होतो.

दशांश चिन्हानंतरचे आकडे नीट पाहा. अक्षांशात दुसऱ्या स्थानावर एका अंकाची चूक झाली, तर शाळा सुमारे १.१ किलोमीटर सरकते. तिसऱ्या स्थानावर चूक झाली तर सुमारे ११० मीटर. नियम १ किलोमीटरचा आहे, म्हणजे टायपिंगच्या एका चुकीने शाळा नियमाच्या आत किंवा बाहेर जाऊ शकते.

आभाळातलं अंतर वेगळं, पायाखालचं वेगळं

नकाशावर दोन पिनांमध्ये सरळ रेघ ओढली की येतं ते हवाई अंतर. समजा वस्ती ते शाळा सरळ रेघेत ९०० मीटर आहे, पण मध्ये ओढा आहे आणि पुलावरून वळसा घालून १ किलोमीटर ६०० मीटर चालावं लागतं. कागदावर शाळा ‘जवळ’ ठरेल, लेकरू मात्र रोज जाऊन-येऊन ३ किलोमीटर २०० मीटर चालेल. पावसाळ्यात पांदण चिखलाने बंद झाली तर वळसा आणखी वाढतो. हे नकाशा स्वतः सांगत नाही, गावाला सांगावं लागतं.

खासगी शाळेतल्या २५ टक्के मोफत प्रवेशातही घराचा पिन लावावा लागतो. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलून, १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या प्रवेशातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. अंतराच्या एका अटीवर किती लेकरांचा प्रवेश अडकू शकतो, हे त्यातून दिसलं.

मोबाईलवर असं तपासा

१. मुख्याध्यापकांकडून शाळेचा यूडायस कोड आणि भरलेले अक्षांश-रेखांश घ्या.

२. ते आकडे गुगल मॅपवर टाका. पिन शाळेच्या छतावर येतो की कुणाच्या रानात, ते बघा.

३. चुकलं असेल तर शाळेच्या पटांगणात, मोकळ्या आभाळाखाली उभे राहून नवं लोकेशन घ्या. मोबाईलचं लोकेशन अशा ठिकाणी साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर येतं. पत्र्याखाली किंवा खोलीत चूक वाढते.

४. वस्ती किंवा तांड्यापासून शाळेपर्यंत ‘चालत’ हा पर्याय निवडून अंतर बघा. गुगलला पाऊलवाटा सगळ्या माहीत नसतात, म्हणून एकदा मोटारसायकलच्या मीटरवरही मोजा.

५. कोणत्या वस्तीवरून किती मुलं येतात, याचा फक्त आकडा मांडा. मुलांची नावं आणि घरांचे पिन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे.

दुरुस्ती कुठे?

यूडायसची माहिती शाळेतून भरली जाते, म्हणून पहिला अर्ज मुख्याध्यापकांकडे द्या आणि प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. अर्जात जुने आकडे, नवे आकडे, पायी अंतर आणि ओढा, रेल्वे रूळ, मोठा रस्ता असे अडथळे लिहा. हाच विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत घेऊन इतिवृत्तात नोंदवा. या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार कायद्याने तिलाच आहे. ग्रामसभेचा ठराव जोडला तर बाजू आणखी भक्कम होते.

शाळा हलवण्याचं पत्र आल्यावर अंतर मोजायला पळापळ होते. तेच मोजमाप आधी करून कागदावर ठेवलं, तर गावाच्या हातात पुरावा राहतो. पोच घेतलेली अर्जाची प्रत जपून ठेवा.