निळ्या धुळीचे दफ्तर

किंबर्लीच्या पश्चिमेकडून येणारे रोगी बरे का होत नाहीत, हा प्रश्न डॉक्टर स्लेग्ज यांस पडला तेव्हा तो वैद्यकापेक्षा भूगोलाचा प्रश्न वाटावा असाच होता. दक्षिण आफ्रिकेतील या हिऱ्यांच्या शहरात वेस्ट एंड नावाचे क्षयरोग्यांचे इस्पितळ असून स्लेग्ज तेथील काम पाहत असत. १९५० नंतरच्या त्या दशकात क्षयावर नवी आणि खात्रीची औषधे हाती आलेली होती. फुप्फुसाच्या आवरणात पाणी झालेला रोगी आला म्हणजे त्यास क्षय झाला असे धरून चालावे, औषध सुरू करावे आणि यथावकाश त्याने बरे होऊन घरी जावे, असा परिपाठ पडून गेला होता. पूर्वेकडील मुलखातून आलेले रोगी या परिपाठाप्रमाणे बरे होत. पश्चिमेकडील डोंगराळ मुलखातून आलेल्या कित्येकांना मात्र तीच औषधे देऊनही उतार पडेना, काढलेले पाणी पुन्हा भरे आणि धाप वाढत जाऊन ते खंगत. दुसऱ्या एखाद्याने यास औषधाचे अपयश म्हणून सोडून दिले असते. स्लेग्ज यांनी रोग्याच्या नावापुढे लिहिलेल्या गावाकडे लक्ष दिले, आणि एका वेगळ्याच रोगाच्या निदानाची कुळकथा माझ्या मते तेथून सुरू होते.

याच सुमारास, १९५६ साली, जोहान्सबर्ग येथे धुळीपासून होणाऱ्या फुप्फुसविकारांच्या संशोधनासाठी स्थापन झालेल्या केंद्रात ख्रिस्तोफर वॅग्नर या तरुण विकृतिशास्त्रज्ञापुढे एका मजुराचे शव शवविच्छेदनासाठी आले. क्षयाने मृत्यू, अशी समजूत होती. छाती उघडल्यावर उजव्या बाजूची सारी पोकळी सरसासारख्या बुळबुळीत अर्बुदाने व्यापलेली आढळली. ते अर्बुद फुप्फुसाचे नव्हते, फुप्फुसास बाहेरून लपेटणाऱ्या पातळ अस्तराचे होते, आणि असले अर्बुद इतके दुर्मिळ मानले जाई की त्याचे स्वतंत्र अस्तित्व मान्य करावयासही अनेक विकृतिशास्त्रज्ञ तयार नसत. वॅग्नर यांनी फुप्फुसाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तेव्हा त्यांत सोनेरी तपकिरी रंगाच्या, दोन्ही टोकांस फुगीर आणि मधे मण्यांची माळ ओवावी तशा गाठी असलेल्या बारीक काड्या दिसल्या. ॲस्बेस्टॉसचा तंतू शरीरात शिरला म्हणजे त्यावर लोहयुक्त प्रथिनाचे पुट चढून अशी काडी तयार होते. पॉल मार्चंड हे छातीचे शल्यविशारद रोग्यांच्या अस्तराचे तुकडे काढून देत, स्लेग्ज रोगी पाठवीत, वॅग्नर तपासत. आणि तपासता तपासता पश्चिमेकडच्या त्या बरे न होणाऱ्या रोग्यांत मेसोथेलिओमा नावाचा तोच कर्करोग एकामागून एक निघू लागला.

किंबर्लीच्या पश्चिमेस ॲस्बेस्टॉसचे डोंगर आहेत. नकाशावर त्यांचे नावही तेच आहे. तेथे क्रोसिडोलाइट म्हणजे निळा ॲस्बेस्टॉस सापडतो. लंडन येथे १८९३ साली स्थापन झालेल्या केप ॲस्बेस्टॉस कंपनीने त्याचा उद्योग वाढविला आणि प्रीस्का, कुरुमान या भागांत खाणी चालू झाल्या. खाणीतून आलेला दगड हातोडीने फोडून त्यातील निळा तंतू सुटा करण्याचे काम पुष्कळदा मजुरांच्या बायका आणि मुले उघड्यावर बसून करीत. निरुपयोगी मालाचे ढिगारे वस्तीलगत पडलेले असत, आणि लहान मुलांना खेळावयास त्याहून मोकळी जागा कोठली? वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्चंड यांनी १९६० साली ३३ रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला; त्यांपैकी एक सोडून बाकी सर्वांचा निळ्या ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेला असण्याचा संभव त्यांस दाखविता आला. यातील विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की कित्येकांनी खाणीत पाऊलही टाकलेले नव्हते. बालपणी ते त्या भागात राहत होते, एवढाच त्यांचा आणि त्या खनिजाचा संबंध. आणि त्या बालपणास कित्येक दशके लोटली होती.

ॲस्बेस्टॉसची धूळ घातक आहे हे ज्ञान तोवर नवे राहिले नव्हते. इंग्लंडातील कारखान्यांच्या निरीक्षक लूसी डीन यांनी १८९८ सालच्या सरकारी अहवालात त्या धुळीच्या काचेसारख्या कणांविषयी इशारा दिलेला होता. रॉचडेल येथील कापडकारखान्यात ॲस्बेस्टॉसचे सूत काढणाऱ्या नेली कर्शॉ हिच्या फुप्फुसाचा वृत्तान्त कुक यांनी १९२४ साली प्रसिद्ध केला. मेरवेदर आणि प्राइस यांच्या १९३० च्या चौकशीनंतर ब्रिटिश सरकारने नियम केले. आणि रिचर्ड डॉल यांनी १९५५ साली फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध आकडेवारीने सिद्ध केला. हे सारे पुरावे कारखान्याच्या चार भिंतींच्या आतले होते. किंबर्लीने पुरावा भिंतींबाहेर आणला, आणि पाच वर्षांनी लंडनने त्यावर शिक्कामोर्तब केले. न्यूहाउस आणि टॉम्पसन यांनी १९६५ साली तेथील एका मोठ्या इस्पितळातील मेसोथेलिओमाच्या ७६ रोग्यांची पूर्वपीठिका खणून काढली, तेव्हा ३१ जण ॲस्बेस्टॉसचे काम केलेले निघाले, तर आणखी ९ जणांच्या घरातील माणूस ते काम करणारा होता. या नवांत बहुतेक बायका होत्या. नवरा संध्याकाळी जे कपडे अंगावर घेऊन येई ते झटकून धुण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले होते. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांची नावे असण्याचे कारणच नव्हते, त्यामुळे डॉक्टरने नवऱ्याच्या धंद्याची विचारपूस केली नसती तर त्यांच्या रोगाचे मूळ कोणत्याही दफ्तरात सापडले नसते.

शरीरात हे कसे घडते, तेही पाहिले पाहिजे. श्वासावाटे आलेला परका कण गिळून नाहीसा करणे हे फुप्फुसातील भक्षकपेशींचे काम. परंतु ॲस्बेस्टॉसचा लांब तंतू पेशीहूनही लांब असल्याने तो पुरता गिळला जात नाही, तो अर्धवट गिळणारी पेशी दाहक द्रव्ये सोडीत मरते, तिच्या जागी दुसरी येते, आणि हा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. निळा तंतू ताठ, सुईसारखा आणि न विरघळणारा. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा तंतू त्या मानाने लवकर तुटतो, म्हणून तो निरुपद्रवी अशी वकिली काही कारखानदारांनी केली, तथापि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक ठरविलेले आहेत. धुळीचा संपर्क आणि रोगाचे प्रकटीकरण यांत सामान्यतः वीस ते पन्नास वर्षांचे अंतर पडते.

इतका दीर्घ अवकाश हाती असताना रोग आधीच का ओळखू नये, हा विचार साहजिक आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात विटनूम येथे १९६६ पर्यंत निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण चालली, आणि तेथील कामगारांच्या व रहिवाशांच्या याद्या तयार करून पुढे कित्येक वर्षे त्यांच्या प्रकृतीचा मागोवा घेण्यात आला. त्याच प्रांतातील ब्रूस रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली रक्तातील मेसोथेलिन नामक प्रथिनाची परीक्षा पुढे मांडली. हे प्रथिन निरोगी अस्तराच्या पेशींवरही असते आणि अर्बुद झाल्यास त्याचे अंश रक्तात उतरतात. मेसोथेलिओमाच्या ४४ रोग्यांपैकी ३७ जणांत त्याचे प्रमाण वाढलेले आढळले. त्याहून लक्षणीय निष्कर्ष ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्या ४० निरोगी माणसांविषयीचा होता: सात जणांच्या रक्तात प्रमाण अधिक होते, त्यांपैकी तिघांना पुढील पाच वर्षांच्या आत मेसोथेलिओमा आणि एकास फुप्फुसाचा कर्करोग झाला, उरलेल्या ३३ जणांपैकी एकासही आठ वर्षांत मेसोथेलिओमा झाला नाही. वर्षानुवर्षे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने आणि त्यांची चोख नोंद हाती नसती तर हा निष्कर्ष निघालाच नसता.

दुर्दैवाने ती आशा पुढे पुरती फळली नाही. अनेक संशोधनांतील आकडे एकत्र करून २०१२ साली जो हिशेब मांडला गेला त्यात असे दिसून आले की, निरोगी माणसांपैकी शंभरात पाचांहून अधिकांस विनाकारण रोगी ठरवावयाचे नसेल, तर प्रारंभावस्थेतील रोग्यांपैकी सुमारे एकतृतीयांशच या परीक्षेत सापडतात. संपर्कात आलेल्या हजार लोकांत पाचांस रोग असेल असे समजा: परीक्षा त्यांतील दोघांस धरील आणि सुमारे पन्नास निरोगी माणसांना छातीत सुई घालून घेण्याच्या दारी नेऊन उभे करील. चाचणी करणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी हा व्यवहार मला न्याय्य वाटत नाही, आणि म्हणूनच एकाऐवजी अनेक प्रथिने एकत्र मोजण्याचे जे प्रयत्न चालू आहेत त्यांची घाई न करता कसून पडताळणी व्हावी असे वाटते. फुप्फुसाच्या कर्करोगाची गोष्ट थोडी वेगळी आहे; धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले म्हणजे त्याचा धोका कैक पटींनी वाढतो, आणि कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने धूम्रपान करणाऱ्यांतील त्या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालेले आहे.

मेसोथेलिओमाच्या उपचारांच्या इतिहासातील एक शाखा तर फुलपाखरांच्या पंखांपर्यंत जाते. त्या पंखांतील रंगद्रव्यांची विशिष्ट रासायनिक चौकट फॉलिक आम्लातही आहे असे कळल्यावर एडवर्ड टेलर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने त्या जातीच्या संयुगांस आयुष्य वाहिले, आणि प्रिन्स्टन येथील त्यांच्या कामातून पेमेट्रेक्सेड हे औषध जन्मास आले. ४४८ रोग्यांवरील चाचणीत, सिस्प्लॅटिनच्या जोडीला ते दिले असता, रोग्यांचे मध्यम आयुष्य ९.३ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर गेले. हा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. चाचणीच्या आरंभी औषधाची बाधा होऊन काही रोगी दगावले, तेव्हा ११७ रोगी दाखल झाल्यानंतर सर्वांस फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व देण्याचा निर्णय झाला आणि बाधा ओसरली. पुढे रोगप्रतिकारशक्तीचे लगाम सैल करणारी निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही जोडी आली आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ६०५ रोग्यांच्या चाचणीत मध्यम आयुष्य १४.१ वरून १८.१ महिन्यांवर गेले. उलट अस्तर सोलून काढण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढत नसून घटते, असे ब्रिटनमधील चाचणीने २०२४ साली दाखवून दिले. ज्या शल्यविशारदांनी आपलीच विद्या अशा कसोटीस लावून विरुद्ध निकाल जाहीर केला, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

आपल्याकडे मुलुंड आणि घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत ॲस्बेस्टॉसचा माल करणारे कारखाने होते, आणि सिमेंटचे पत्रे म्हणून ओळखले जाणारे छप्पर आजही चाळींवर, गोठ्यांवर, शाळांवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या दाव्यात असा हुकूम दिला की ॲस्बेस्टॉस कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत, ठेवली पाहिजे. रोगाच्या दीर्घ अवकाशाचे भान ठेवून काढलेला हा हुकूम मला किंबर्लीच्या नोंदवहीचा थेट वंशज वाटतो. परंतु तो लागू होतो कारखान्याच्या पटावरील माणसास. पत्रा करवतीने कापून छपरावर बसविणारा गवंडी, मोडक्या जहाजांतील तापरोधक अस्तर उपसणारा अलंगचा मजूर आणि त्या दोघांचे कपडे धुणारी बाई यांची नावे कोणत्याही दफ्तरात नाहीत. छातीत पाणी झालेला रोगी आपल्याकडेही प्रथम क्षयाच्याच औषधांवर जातो. ते बरोबरच आहे, कारण क्षय येथे फार. परंतु दोन-तीन महिन्यांत उतार पडला नाही तर केसपेपरावर त्याचे गाव, त्याने आणि त्याच्या घरच्यांनी आजवर केलेली सारी कामे आणि लहानपणीची वस्ती लिहून घेण्याचा नियम प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तातडीने करावयास हवा, आणि तो कागद रद्दीत न घालता जपून ठेवावयास हवा.