क्रांतीचं बँक खातं

सुट्टीत आमच्याकडे आलेला पुतण्या संगणकावर इतिहासाचा कसलासा खेळ खेळत होता. मध्येच ओरडला, "काका, पॅरिसमध्ये माझं क्रांतिकारी सरकार आलं! आता आधी बँक ताब्यात घेतो."

वीस वर्षं बँकेत कारकुनी केलेला माणूस मी. खेळातल्या का होईना, बँकेवर कोणी चाल करतोय म्हटल्यावर माझा हात आपोआप खिशातल्या किल्ल्यांकडे गेला. (त्या घरच्या कपाटाच्या होत्या. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या माझ्या हाती देण्याइतकी आमची बँक बेसावध नाही.)

"अरे, खऱ्या सरकारने नव्हती घेतली बँक," मी म्हणालो.

बी. कॉम. माणसाला इतिहास यावा अशी कोणाची अपेक्षा नसते. पण १८७१ च्या पॅरिस कम्यूनवर माझा जीव आहे, तो त्यांच्या हिशेबापायी. १८ मार्चला मोंमार्त्रच्या टेकडीवरच्या तोफा न्यायला सैन्य आलं, लोक आडवे आले आणि सरकारच व्हर्सायला पळालं. निवडणूक झाली, २८ मार्चला कम्यून जाहीर झालं. या मंडळींनी थकलेली घरभाडी माफ केली, बेकऱ्यांतली रात्रपाळी बंद केली आणि अधिकाऱ्यांच्या पगारावर वर्षाला ६००० फ्रँकची मर्यादा घातली. (हे शेवटचं कलम मी आमच्या साहेबांना अजून सांगितलेलं नाही.)

बँक ऑफ फ्रान्स तर शहराच्या मध्यावर. गव्हर्नरसाहेब केव्हाच निघून गेलेले. मागे उरले डेप्युटी गव्हर्नर द प्लोक. कम्यूनने तिथे पाठवलं कोणाला? शार्ल बेले नावाच्या पंचाहत्तर वर्षांच्या सज्जन गृहस्थांना! त्यांनी उलट कम्यूनलाच समजावलं : बँकेला हात लावाल तर नोटांचा नुसता कागद होईल. मुद्दा चुकीचा नव्हता. मीही हेच म्हटलं असतं, वर नियमाचा क्रमांकही सांगितला असता.

मग क्रांती रीतसर खिडकीशी उभी राहिली. अर्थखातं सांभाळणारा फ्रांस्वा झूर्द मूळचा हिशेबनीस. सगळं कसं लेखी, मोजूनमापून. कम्यूनच्या साऱ्या कारकिर्दीत बँकेकडून मिळाले सुमारे १ कोटी ६७ लाख फ्रँक. त्यातले निम्म्याहून अधिक पॅरिस शहराच्याच खात्यातले! त्याच काळात त्याच बँकेने व्हर्सायच्या सरकारला दिले सुमारे २५ कोटी ७० लाख.

इथवर सांगताना मी हसत होतो. पुतण्या हसला नाही. म्हणाला, "म्हणजे मारणाऱ्यांना जास्त दिले?"

२१ मेला व्हर्सायचं सैन्य पॅरिसमध्ये शिरलं. २८ मेपर्यंत सगळं संपलं. हजारो माणसं मारली गेली, कित्येक तर पकडल्यानंतर, भिंतीशी उभी करून. बेले सुखरूप स्वित्झर्लंडला पोचले. झूर्दला पार न्यू कॅलेडोनियाला धाडलं.

"काका, तुम्ही असता तर किल्ल्या दिल्या असत्या?"

आमच्या कॅशमध्ये दोन रुपयांचा फरक आला तरी मला रात्री झोप लागत नाही. मी म्हटलं, "जेवायला चल, पानं वाढलीत."

तो उठला, पण उठण्याआधी त्याने बँक घेतली. मी बघितलं आणि, बँकेत कोणाला सांगू नका, अडवलं नाही.